मेण चांगलंच आहे, वात बघा

जरीपटक्यात काय किंवा नागपुरात कुठेही काय, घरच्या गॅसवर काचेच्या ग्लासातल्या मेणबत्त्या करणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: ‘मेण खराब निघालं.’ बहुतेक वेळा मेण ठीकच असतं. चुकते ती वात, नाहीतर आडवं येतं इथलं हवामान.

मेणबत्ती मधोमध जळत खाली जाते आणि कडेचं मेण तसंच उरतं, ते मेण कडक असल्यामुळे, असं समजतात. खरं कारण म्हणजे ग्लासाच्या मानाने वात बारीक असते. दुसरं कारण वापरणाऱ्याच्या हातात असतं. पहिल्यांदा पेटवल्यावर वितळलेलं मेण काचेला टेकेपर्यंत ती विझवायची नाही. व्यासाच्या दर इंचाला साधारण एक तास, म्हणजे तीन इंची ग्लासाला तीन तास. आरतीपुरती अर्धा तास लावून विझवली, तर पुढच्या वेळीही ती तेवढ्याच गोलात जळते. ही सूचना छापलेली चिठ्ठी प्रत्येक ग्लासाला लावाच.

उलट वात जाड झाली की ज्योत उंच होते, टोकावर काळं बोंड धरतं आणि काच काळवंडते. काजळी फक्त पॅराफिनचीच येते हाही गैरसमजच. जळण अपुरं राहिलं की सोया मेणही काजळी धरतं. दर वेळी पेटवण्याआधी वात कापून पाच-सहा मिलिमीटर ठेवा. रंगासाठी मुलांचे मेणखडू वितळवू नका. त्यांतले रंगकण वातीत अडकतात.

सुगंधी तेल जास्त घातलं की वास जास्त येतो, असंही नाही. शंभर ग्रॅम मेणाला सहा ते दहा ग्रॅम बहुधा पुरतं. त्यापुढचं तेल मेणात मुरत नाही, वर थेंब धरतं आणि वातीलाही अडवतं. नागपुरात हे फार जाणवतं. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि ग्लासासाठीचं पुष्कळसं सोया मेण ५० अंशांच्या आसपासच वितळतं. टिनाच्या छपराखाली ठेवलेला माल मऊ पडून घामेजतो, तेव्हा दुकानदाराने भेसळ केली असं म्हणणं अन्यायाचं आहे. उन्हाळ्याच्या मालात तेल कमी करा, ५८-६० अंशांना वितळणारं पॅराफिन थोडं मिसळा आणि वात पुन्हा जाळून तपासा.

थंडीत अडचण वेगळी. गार काचेत गरम मेण ओतलं की ते आकसताना काचेपासून सुटतं आणि बाहेरून ओले डाग दिसतात. ग्लास आधी कोमट करा, पंखा बंद ठेवा. सोया मेणावरची पांढरी नक्षी ही बुरशी नव्हे, मेणाचेच स्फटिक आहेत. जळण्यात त्याने काही फरक पडत नाही.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतू शकतो: पातेल्यातल्या मेणाने पेट घेतला की पाणी ओतायचं. पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटतं मेण अंगावर उडतं. मेण थेट आचेवर न ठेवता उकळत्या पाण्यातल्या भांड्यात वितळवा, आणि पेटलंच तर गॅस बंद करून वर घट्ट झाकण टाका. ते झाकण आधीपासून हाताशी ठेवा.