चार देह, एक मुख : ‘दृष्टिभ्रम’ या संज्ञेची मर्यादा

एशरच्या अशक्य वास्तू, वासारेलीचे फुगल्यासारखे दिसणारे चौकोन, बदक की ससा असा पेच घालणारे रेखाचित्र आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील चार हरिणे, ही सर्व उदाहरणे मराठीत ‘दृष्टिभ्रमाची कला’ या एकाच नावाखाली सांगितली जातात. संज्ञा सोयीची आहे, यात शंका नाही. परंतु तिच्यातील ‘भ्रम’ हे पद भारतीय ज्ञानमीमांसेतून आलेले असून तेथे त्यास काटेकोर अर्थ आहे. शिंपलीच्या ठिकाणी रुपे दिसणे किंवा दोरीच्या ठिकाणी साप दिसणे हा भ्रम होय. आणि ‘ही शिंपलीच आहे’ असे ज्ञान होताच रुप्याचा बाध होतो. चित्र पाहणाऱ्यास असा भ्रम होतो काय, हा प्रश्न नवा नाही. भरताच्या रससूत्राचे विवरण करताना श्रीशंकुकाने चित्रातील घोड्याचा दृष्टान्त योजला, तो याच मुद्द्यावर. चित्रातील घोडा पाहताना होणारी प्रतीती सम्यक् नव्हे, मिथ्या नव्हे, संशयरूप नव्हे आणि सादृश्यरूपही नव्हे, असे त्याचे म्हणणे. चित्रतुरगन्याय पदव्युत्तर वर्गांत रसचर्चेच्या ओघात शिकविला जातो. प्रत्यक्ष चित्रांपुढे उभे राहून त्याची परीक्षा करण्याचा प्रसंग मात्र क्वचितच येतो.

नांदेड किंवा लातूर येथील अभ्यासकास ही परीक्षा करण्यासाठी पॅरिस वा न्यूयॉर्क गाठण्याचे कारण नाही. अजिंठा मराठवाड्यातच, छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यात आहे. १९४८ पर्यंत हा सर्व प्रदेश निजामाच्या राज्यात मोडत असे, आणि त्याच राज्याच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम यझदानी यांनी अजिंठ्यावरील चित्रग्रंथ सिद्ध केले. पहिले लेणे वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळातील, म्हणजे पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातील मानले जाते. त्यातील एका स्तंभशीर्षावर चार हरिणांचे देह कोरलेले असून त्यांना मुख एकच आहे. कोणतेही तीन देह तळव्याने झाकून पाहिले, तर उरलेले हरीण सर्वांगांनी पूर्ण दिसते. ते मुख त्याचेच, याविषयी तिळमात्र संदेह राहत नाही. हात काढला की पुन्हा चौघांची ओढाताण सुरू होते.

येथे प्रेक्षकाची फसवणूक झालेली नाही. मुख एक आहे हे त्यास पहिल्या क्षणापासून दिसत असते. शिवाय ते मुख चारही वेळा हरिणाचेच असते; त्याचा अर्थ बदलत नाही, बदलतो तो केवळ अन्वय. मीमांसक आणि टीकाकार यासाठी देहलीदीपन्याय सांगतात. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा ओसरीही उजळतो आणि माजघरही; तसे वाक्याच्या मध्यभागी आलेले एखादे पद मागील व पुढील अशा दोन्ही अंशांशी अन्वित होते. स्तंभावरील मुख हे असे देहलीदीपक पद आहे. वैयाकरणांचा एकशेष येथे कोणास आठवेल; सरूप पदांपैकी एकच राहून इतरांचा अर्थ सांगते, हे साम्य खरेच आहे. पण एकशेषात अनेकत्वाचा बोध एकदमच होतो. हरिणांच्या बाबतीत मुख एका वेळी एकाच देहाशी जुळते आणि उरलेले तिघे तेवढ्यापुरते मुखहीन होतात. म्हणून देहलीदीपाचा दृष्टान्त अधिक जवळचा, आणि तोही पूर्ण नव्हे. दिव्याचा प्रकाश दोन्हीकडे एकाच वेळी पडतो.

(या चार देहांचा चार आर्यसत्यांशी संबंध जोडण्याची प्रथा आहे. केवळ संख्येचे साम्य हा त्यास पुरेसा आधार नव्हे. याच लेण्याच्या गर्भगृहात धर्मचक्रप्रवर्तन मुद्रेतील बुद्धमूर्तीच्या आसनावर चक्रासह हरिणे आहेत आणि ती सारनाथच्या मृगदावाची खूण आहेत, तेवढे निश्चित.)

या प्रकाराचा दुसरा नमुना चीनमधील तुन्-हुआङ् येथील बौद्ध गुहांत आहे. तो अजिंठ्याहून उत्तरकालीन, सुमारे सहाव्या-सातव्या शतकांच्या संधीवरचा. तीन ससे वर्तुळात धावत आहेत. प्रत्येकास दोन कान आहेत, परंतु एकूण कान तीनच. ही आकृती पुढे जर्मनीतील पाडरबोर्नच्या कॅथीड्रलपर्यंत आणि इंग्लंडात डेव्हन परगण्यातील चर्चांच्या छतांपर्यंत आढळते. तिला संस्कृत पंडितांनी काकाक्षिगोलकन्याय म्हटले असते. कावळ्याचे बुबुळ एकच आणि ते दोन्ही खोबणींत फिरते, अशी ती समजूत. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने ती अर्थात निराधार आहे. दृष्टान्त मात्र नेमका बसतो.

याहून निराळा प्रकार दारासुरम् (तमिळनाडू) येथील ऐरावतेश्वराच्या बाराव्या शतकातील देवालयात दिसतो. तेथे हत्ती आणि बैल समोरासमोर असून दोघांचे मस्तक एकच कोरले आहे. ते एका देहाशी जोडून पाहिले की हत्तीचे, दुसऱ्याशी जोडले की बैलाचे. येथे केवळ अन्वय बदलत नाही. त्याच रेषांचा अर्थच पालटतो. हा श्लेष होय. कविराजाचे ‘राघवपांडवीय’ हे काव्य सुमारे याच शतकातील. त्यात तेच श्लोक एका वाचनात रामकथा सांगतात आणि दुसऱ्या वाचनात पांडवकथा. शिल्प व काव्य यांपैकी एकाने दुसऱ्याचे अनुकरण केले, असे यावरून सिद्ध होत नाही. अशा रचनांची रुची त्या काळी दोन्ही माध्यमांत होती, इतकेच म्हणता येईल. १८९२ साली एका जर्मन विनोदी साप्ताहिकात छापलेले आणि पुढे विट्गेन्स्टाइनच्या १९५३ मधील मरणोत्तर ग्रंथामुळे तत्त्वज्ञानात प्रवेश पावलेले बदक-ससा चित्रही याच वर्गातले. चोच तेच कान. ‘अमुक म्हणून पाहणे’ हा विट्गेन्स्टाइनचा विषय आणि श्लेषातील द्वितीयार्थाचा बोध हा आलंकारिकांचा विषय एकमेकांच्या किती निकट आहेत, हे स्वतंत्र प्रबंधाचे काम आहे.

डच चित्रकार एम. सी. एशर (१८९८-१९७२) याच्या चित्रांत श्लेष आहेच. पक्ष्यांच्या मधली पोकळी त्याच्या हाती पुन्हा पक्षी होते. परंतु त्याची कीर्ती ज्यांवर उभी आहे ती चित्रे वेगळी. स्वीडनच्या रॉयटर्सव्हेर्डने १९३४ साली अशक्य त्रिकोण रेखाटला होता. लायोनेल व रॉजर पेनरोज या पितापुत्रांनी १९५८ मध्ये तो स्वतंत्रपणे मांडला, आणि त्यांच्या लेखावरून स्फूर्ती घेऊन एशरने अखंड चढत राहणारा जिना (१९६०) व धबधबा (१९६१) ही चित्रे केली. धबधब्याचे पाणी पाटातून वाहत जाते आणि जेथून पडले तेथेच वर पोहोचते. पाटाचा कोणताही एक कोपरा निर्दोष आहे. दोष शोधू गेल्यास तो कोठेच सापडत नाही, आणि तरीही समग्र वास्तू असंभवनीय ठरते. शाब्दबोधाच्या चर्चेत ‘अग्नीने सिंचन करतो’ हे वाक्य याच कारणासाठी दिले जाते. पदांना परस्परांची आकांक्षा आहे, सान्निध्य आहे, विभक्ती बिनचूक आहेत. उणीव आहे ती योग्यतेची. एशरचे चित्र हे व्याकरणशुद्ध पण योग्यताहीन वाक्य आहे, आणि ते आनंद देते याचे कारण प्रेक्षक त्याच्या व्याकरणावर विश्वास टाकतो.

उरली ती ‘ऑप आर्ट’. हे नाव १९६४ मध्ये वृत्तपत्रीय लेखनातून रूढ झाले आणि १९६५ च्या न्यूयॉर्कमधील ‘द रिस्पॉन्सिव्ह आय’ या प्रदर्शनाने ते जगभर नेले. हंगेरीत जन्मून पॅरिसमध्ये स्थायिक झालेला व्हिक्टर वासारेली (१९०६-१९९७) आणि इंग्लंडची ब्रिजेट रायली (जन्म १९३१) हे तिचे अग्रणी. रायलीच्या १९६१ मधील एका चित्रात काळे-पांढरे चौकोन उंचीने समान राहून रुंदीने आक्रसत जातात आणि सपाट पृष्ठ खचून आत वळल्याचा भास होतो. येथे हरीण नाही, ससा नाही, जिनाही नाही. अर्थच नसल्यामुळे अन्वय, श्लेष व योग्यता या तिन्ही कसोट्या निरुपयोगी होतात. मात्र कागद सपाट आहे हे पक्के ठाऊक असूनही खळगा नाहीसा होत नाही, ही गोष्ट वेदान्त्यांच्या परिचयाची आहे. जास्वंदीजवळ ठेवलेला स्फटिक तांबडा नाही हे कळले तरी तो तांबडाच दिसतो. याला ते सोपाधिक भ्रम म्हणतात. उपाधी आहे तोवर भास आहे. ‘दृष्टिभ्रम’ ही संज्ञा शास्त्रार्थाने शोभते ती याच चित्रांना, आणि अजिंठ्याच्या शिल्पावर ती लादली की शिल्पकार गंमत करणारा व प्रेक्षक फसणारा ठरतो.

देगलूर-बिलोलीकडील तेलुगू भाषकांच्या अंगणांत काढल्या जाणाऱ्या ‘मुग्गू’ या ठिपक्यांच्या रांगोळीचे स्थान या विभागणीत कोठे, हे ठरविणे अधिक अवघड आहे. ठिपक्यांभोवती वेटोळे घेत जाणारी रेषा कधी एकसंध वाटते, कधी तिचे सुटे फासे दिसतात, आणि पाहणारा क्षणभर ठिपक्यांनाच आकृती समजू लागतो. रेषा काढणारीला मात्र ती कोठे सुरू झाली आणि कोठे मिळते हे नेमके ठाऊक असते.