शेतकरी कुटुंबाने दुबई कशी पाहावी?

चौल, रेवदंडा, नागाव या आमच्या किनाऱ्यावर अशी आळी क्वचितच सापडेल, की जिथला एकही मुलगा आखाती देशात नोकरीला नाही. हिंदू-मुसलमान दोन्ही घरांत तीच गोष्ट. पूर्वी हा मुलगा दोन वर्षांनी एकदा यायचा, अत्तर, ब्लँकेट, टेपरेकॉर्डर आणायचा आणि महिनाभर राहून परत जायचा. आता तो बायकोमुलांसह तिकडेच राहतो आणि फोनवर म्हणतो, "आईबाबा, आठ दिवस या की! तिकीट मी काढतो." मग घरात चर्चा सुरू होते. वाडीचे शिंपण कोण करील? म्हशीची धार कोण काढील? परदेश आपल्याला झेपेल का?

माझे सांगणे असे, की जरूर जावे. भाताची झोडणी आटोपली, वाल पेरून झाले, की डिसेंबर-जानेवारीत आपल्याला थोडी उसंत असते. तिकडेही तेच दिवस चांगले. उन्हाळ्यात तिथे पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. तेव्हा जाऊ नये. निघण्याआधी तिकडची परिस्थिती आणि व्हिसाचे नियम मुलाकडून नीट विचारून घ्यावेत. गेल्या जानेवारीत आम्ही उभयता आणि धाकटी मुलगी थोरल्याकडे आठ दिवस राहून आलो. त्यावरून चार गोष्टी सांगतो.

जुनी सोयरीक

अरबी किनारा आपल्याला परका नाही. इ. स. ९१५-१६च्या सुमारास अल-मसूदी हा अरब प्रवासी चौलला आला होता. अरब लोक चौलला 'सैमूर' म्हणत. ओमान, सिराफ, बसरा, बगदाद इथून आलेले आणि त्यांच्या वंशातले सुमारे दहा हजार मुसलमान इथे राहतात, असे त्याने लिहून ठेवले आहे. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन हा रशियन व्यापारी होर्मुझहून गलबतात घोडा घालून निघाला आणि चौल बंदरात उतरला. त्याचे स्मारक रेवदंड्यात आहे. तेव्हा तिकडची माणसे आपल्या बंदरात पोट भरायला येत. आज आपली मुले तिकडे जातात.

दुबईची श्रीमंतीही फार जुनी नाही. मोती काढणे, मासेमारी आणि गलबतांचा व्यापार यांवर ते गाव जगत होते. समुद्रात तेल सापडले ते १९६६ साली. त्याच सालापर्यंत तिथल्या बाजारात भारतीय रुपया चालत होता. १९५९पासून त्यासाठी रिझर्व्ह बँक वेगळ्या नोटा छापत असे. हे नातवंडांना सांगावे. त्यांना खरे वाटत नाही!

काय पाहावे?

पहिला दिवस जुन्या दुबईला द्यावा. समुद्राची खाडी गावात शिरली आहे. 'अब्रा' नावाच्या लाकडी होडीतून एका दिऱ्हामात पैलतीरी जाता येते. एक दिऱ्हाम म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. काठावर माल भरणारी लाकडी गलबते पाहून रेवदंड्याच्या जुन्या माणसांना आपली खाडी आठवेल. जवळच अल फहिदी ही जुनी वस्ती आहे. तिथल्या घरांवर चौकोनी मनोरे दिसतात. वरचा वारा त्यांत अडकतो आणि खाली खोलीत उतरतो. वीज नव्हती तेव्हा अशी हवा खेळवत.

दुसऱ्या दिवशी बुर्ज खलिफा. ८२८ मीटर उंचीची ही इमारत ४ जानेवारी २०१० रोजी खुली झाली. वर जाण्याचे तिकीट महाग आहे. खालून पाहिली तरी मान दुखेपर्यंत पाहता येते. शहरात फिरायला २००९ साली सुरू झालेली मेट्रो सोयीची. तिला चालक नसतो, बायकामुलांसाठी वेगळा भाग असतो. मात्र डब्यात खाणेपिणे केले तर दंड होतो, तेव्हा चिवड्याची पिशवी बंद ठेवावी. देवदर्शन करायचे तर जेबेल अली भागात २०२२ साली उघडलेले मंदिर आहे. अबू धाबीच्या मोठ्या स्वामीनारायण मंदिराचे उद्घाटन १४ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले.

गृहिणींनी देरा भागातला वॉटरफ्रंट मार्केट हा मासळी-भाजीचा बाजार चुकवू नये. सौभाग्यवती तिथे दोन तास रमली. सुरमई, पापलेट, कोळंबी सगळे ओळखीचे. भाजीच्या बाजूला आपल्या देशातून गेलेला कांदा, हिरवी मिरची, कढीलिंबही होता. मी पाहिले ते माल कसा मांडला आहे ते. एकेका खोक्यात एकाच आकाराचा माल, वर कोणत्या देशाचा ते छापलेले. आपल्याकडे पांढऱ्या कांद्याच्या माळेत वरचे कांदे मोठे आणि आतले बारके बांधणाऱ्यांनी हा बाजार एकदा पाहावा.

थेंबाथेंबाचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. दुबईला नदी नाही. वर्षाचा पाऊस साधारण शंभर मिलिमीटर किंवा त्याहूनही कमी. आपल्याकडे दोन हजारांच्या वर. पिण्याचे बहुतेक पाणी समुद्राचे खारे पाणी गोडे करून मिळवतात. त्याला वीज आणि पैसा दोन्ही भरपूर लागतात. घराघरांतले सांडपाणी शुद्ध करून ते बागांना देतात. रस्त्याच्या कडेच्या झाडाच्या बुंध्याशी वाकून पाहा. तिथे ठिबकची काळी नळी सापडेल. २०१३ साली उघडलेली 'मिरॅकल गार्डन' ही फुलांची प्रचंड बागही ठिबकवर आणि शुद्ध केलेल्या सांडपाण्यावरच फुलते. ती हिवाळ्यातच उघडी असते.

पाऊस पडला तर काय होते, तेही सांगतो. १६ एप्रिल २०२४ रोजी त्या देशात १९४९पासूनच्या नोंदीतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐन भागात चोवीस तासांच्या आत २५४ मिलिमीटर पडला आणि दुबईचा विमानतळ पाण्यात गेला. एवढा पाऊस आपल्याकडे आषाढात एखाद्या दिवशी पडून जातो आणि आपण इरले-प्लास्टिक घेऊन लावणीला जातो. त्यांच्याकडे पाणी निचरायला वाट नाही, आपल्याकडे पाणी थांबायला जागा नाही.

शमी, खजूर आणि आपला सोंड्या भुंगा

वाळवंटाच्या सहलीला मोटारीतून टेकड्यांवर उड्या मारायला नेतात. मणक्याचे दुखणे असेल त्यांनी बसू नये. पण वाळूत मध्येच हिरवे काटेरी झाड दिसेल, ते जरूर पाहावे. त्याला तिकडे 'घाफ' म्हणतात आणि ते त्यांचे राष्ट्रीय झाड आहे. घाफ म्हणजे आपली शमी! मुळे फार खोल जातात, म्हणून पाणी न घालता जगते आणि उंटांना चारा देते.

एक दिवस काढून मोटारीने दीड तासावरच्या अल ऐनला जावे. तिथे खजुराची जुनी राई आहे, सुमारे दीड लाख झाडांची. २०११पासून ती जागतिक वारशाच्या यादीत आहे. 'फलज' नावाच्या पाटाने डोंगराकडचे पाणी आणून पाळीपाळीने झाडांना देण्याची तिथली रीत आपल्या वाडीतल्या पाटासारखीच. खजुरात नर आणि मादी झाडे वेगळी असतात. नराचे पराग माणूस झाडावर चढून मादीच्या फुलोऱ्यात ठेवतो. एका नरावर पन्नासेक माद्यांचे भागते.

या खजुराचा मोठा शत्रू कोण? आपल्या माडाचा सोंड्या भुंगा. हा मूळचा आपल्याच भागातला. १९८०नंतरच्या दशकात रोपांबरोबर तो आखातात पोचला आणि तिथल्या खजुराच्या बागांचे फार नुकसान केले. तेही आता आपल्यासारखेच कामगंध सापळे लावतात. म्हणून हात जोडून सांगतो, तिकडून खजुराचे पिल्लू, रोप, बी, कुंडीतली माती काहीही आणू नये. परवान्याशिवाय ते कायद्यानेही चालत नाही. पाकिटातला खजूर खुशाल आणावा.

नेतानाही काळजी घ्यावी. खसखस तिथे बंदी असलेल्या मालात आहे. अनारसे, खसखस घातलेले लाडू, मसाला यांपैकी काहीही नेऊ नये. माणसे अडकली आहेत. विड्याची पाने आणि पानाचा डबा घरीच ठेवावा. काही वेदनाशामक आणि झोपेच्या औषधांवर निर्बंध आहेत, म्हणून औषधांची आधी चौकशी करावी आणि डॉक्टरांची चिठ्ठी जवळ बाळगावी. पोह्याचे पापड, आमसुले न्यावीत. सूनबाई खूश होतील. सोने घ्यायचे असेल तर आपल्या विमानतळावरच्या जकातीचे नियम आधी विचारावेत.

मुलाशी बोलायची वेळ

अल ऐनच्या राईत सावलीला बसलो असताना माझ्या मुलाने विचारले, "बाबा, आपल्या विहिरीला अजून मे महिन्यात मचूळ पाणी येते का?" पंधरा वर्षांत त्याने वाडीबद्दल विचारलेला हा पहिला प्रश्न. मी त्याला कारण समजावले, तेच इथे देतो.

किनाऱ्यावरच्या जमिनीखाली गोडे पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल, तर खाली सुमारे चाळीस फूट गोडे पाणी असते. वरची पातळी एक फुटाने उतरली, तर तळाचे खारे पाणी चाळीस फुटांपर्यंत वर सरकू शकते. रहाट वरवरचे पाणी सावकाश काढीत असे. मोठा पंप तासाभरात विहीर उपसतो आणि खाऱ्या पाण्याला वर बोलावतो. शेजारी बंगले झाले, त्यांच्या बोअरवेली झाल्या, की ओढ आणखी वाढते.

उपाय आपल्या हातचे आहेत. लहान पंप लावून थोडा थोडा वेळ उपसावे. पाटाऐवजी ठिबक करावे. मोठ्या माडाला उन्हाळ्यात दिवसाला तीस-चाळीस लिटर पुरते. आळ्यात सोडणे पुरावीत, झावळ्यांचे आच्छादन घालावे. छपराचे पावसाचे पाणी गाळून विहिरीत सोडावे. ठिबकसाठी अनुदानाच्या योजना असतात. त्यांची चौकशी कृषी कार्यालयात करावी.

मुलाने सगळे ऐकून घेतले आणि खर्च किती येईल ते विचारले. आपल्याकडे जमिनीचे दलाल आठवड्याला दारात येतात. बाप थकलेला, मुलगा परदेशात, विहीर मचूळ, अशा घरची वाडी पहिली विकली जाते. फोनवर हा विषय निघत नाही. निघाला तरी भांडण होते. आठ दिवस मुलाबरोबर राहाल, तेव्हा सातबाऱ्यावर कोणाची नावे आहेत, वाडी कोण पाहणार, विहिरीला किती लागेल, हे शांतपणे बोलून घ्यावे. आमची ठिबकची नळी मार्चमध्ये आली. माडांना झाली आहे, पोफळीची राहिली आहे. ती दिवाळीनंतर घालू.