गिरकीत मोजू नका, रांगेत मोजा

पेडण्यातल्या हळर्णच्या किल्ल्यावर फाल्गुनात भल्या पहाटे दुर्बीण घेऊन बसण्यात अर्थ नाही. आधी जांभा तापू द्यावा. मग त्यावरची गरम हवा वर चढू लागते आणि शापोरा नदीच्या काठावरची घार पंख न हलवता तिच्यावर स्वार होते. थंडीला गोव्यात उतरलेले भोवत्या पक्षी याच सुमारास उत्तरेची वाट धरतात.

गरुडासारखे जड पक्षी तर ही फुकटची शिडी सोडतच नाहीत. डोंगराला आपटलेला वाराही त्यांना वर उचलतो, म्हणून ते रांगेच्या कडेकडेने जातात आणि मोजणारेही डोंगरावरच बसतात. धर्मशाळेजवळ 2001 च्या शरदात आणि 2002 च्या वसंतात नेपाळी गरुडांची अशीच मोजदाद झाली.

पक्षी वर चढताना गिरक्या घेत असतात तेव्हा मोजले, तर एकच पक्षी पाचदा मोजला जातो. उंची गाठून ते एकामागोमाग घसरत निघाले, की आकडा टिपायचा. समुद्रगरुड आणि ब्राह्मणी घार वगळायची; ती मंडळी इथलीच, गावकरी!

नोव्हेंबरात इथून जाणाऱ्या अमूर ससाण्याचं मात्र निराळं. त्याला पुढे अरबी समुद्र ओलांडायचा असतो. तिथे जांभा कुठला तापायला? पंखच मारावे लागतात.