बैकल सरोवराची साठ वर्षांची नोंदवही

एखाद्या जलाशयाचें पाणी आज थंड आहे कीं उबदार, हें एका दिवसाच्या तपासणीनें समजतें. परंतु तें पाणी बदलत आहे काय, या प्रश्नाचें उत्तर एका दिवसांत नाहीं, आणि एका वर्षांतहि मिळत नाहीं. ऊन, वारा व पाऊस यांच्या लहरीप्रमाणें जलाशयाची स्थिति प्रतिवर्षीं कमीअधिक होतच असते. या नेहमींच्या चढउतारांतून कायमचा पालट निवडून काढावयाचा, तर दीर्घकाळ चालविलेल्या नोंदींवांचून दुसरा मार्ग नाहीं.

अशा नोंदींचा उत्तम दाखला सैबेरियांतील बैकल सरोवराचा आहे. हें जगांतील सर्वांत खोल सरोवर. त्याची खोली १,६४२ मीटर असून पृथ्वीच्या पाठीवरील न गोठलेल्या गोड्या पाण्याचा सुमारें पांचवा हिस्सा त्यांत सांठलेला आहे. १९४५ सालीं इर्कुट्स्क विद्यापीठाचे प्राध्यापक मिखाईल कोझोव्ह यांनीं किनाऱ्यापासून पावणेतीन किलोमीटरांच्या आसपास एक जागा निश्चित केली, आणि साधारणतः दर सात ते दहा दिवसांनीं तेथील पाण्याचें उष्णमान मोजून निरनिराळ्या खोलींवरील नमुने घेण्याचा क्रम सुरू केला. उन्हाळ्यांत नावेंतून आणि हिवाळ्यांत गोठलेल्या बर्फास भोंक पाडून हें काम चाले. १९६८ सालीं ते निवर्तले. त्यांच्यामागें कन्या ओल्गा कोझोव्हा आणि त्यानंतर नात ल्युबोव्ह इझ्मेस्तेवा यांनीं तें व्रत पुढें चालविलें.

एवढ्या अफाट जलराशीवर हवामानाच्या पालटाचा परिणाम सहजासहजीं व्हावयाचा नाहीं, असा समज होता. २००८ सालीं रशियन व अमेरिकन शास्त्रज्ञांनीं साठ वर्षांचे आंकडे एकत्र मांडले, तेव्हां तो फोल ठरला. पृष्ठभागाचें पाणी १९४६ पासून १.२१ अंश सेल्सियसनें तापलें होतें. सूक्ष्म वनस्पतींचें प्रमाण दाखविणारें हरितद्रव्य १९७९ पासून शेंकडा ३०० नें वाढलें होतें. इतर सरोवरांतहि सर्रास आढळणाऱ्या पाणपिसवांची संख्या १९४६ पासून शेंकडा ३३५ नें वाढली होती.

या शेवटच्या आंकड्याचें महत्त्व विशेष आहे. ‘एपिशुरा’ नांवाचा थंडीप्रिय सूक्ष्म जलचर हा बैकलचा खास रहिवासी. सूक्ष्म वनस्पति तो खातो, आणि त्याच्यावर मासे जगतात. ऊब मानवणाऱ्या जीवांचें बळ वाढलें, तर या अन्नसांखळीची घडीच बदलण्याचा संभव असतो, आणि तिचा धक्का माशांवर जगणाऱ्या बैकलच्या सीलपर्यंतहि पोंचूं शकतो.

हें काम दहा-बारा वर्षांनीं सोडून दिलें असतें, तर वार्षिक चढउतारांच्या गर्दींत हा कल ओळखूं येणें कठीण होतें. तीच जागा, तीच चिकाटी आणि तुलनेस योग्य अशी पद्धति, यांतच त्या आंकड्यांचें मोल आहे. हिशेबाच्या वहींतील राहिलेली रक्कम मागाहून शोधून भरतां येते. न मोजलेल्या वर्षाचें पाणी मात्र पुन्हां कोणासहि मोजतां येत नाहीं.