रोपांच्या आधी पाण्याची वाट



पावसाळा जवळ आला की देणगीदारांकडून एक प्रश्न हमखास येतो : गोव्यातील बंद खाणींच्या डोंगरांवर लावायला किती रोपे पाठवू? विचारणाऱ्यांची तळमळ खरी असते. तरी उत्तर देताना रोपांआधी चरांविषयी बोलावे लागते. ते का, हे या अंकात सविस्तर सांगावेसे वाटते.

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या आतल्या तालुक्यांत आहेत. याच पट्ट्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांची अनेक गावे आहेत. 2003 मध्ये या तिन्ही समाजांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. उतारावर काजू, खाली कुळागर, त्याच्याही खाली भाताची शेते अशी इथली जुनी मांडणी, आणि ती सारी डोंगरातून झिरपणाऱ्या पाण्यावर उभी. एक टन खनिज मिळवायला साधारण अडीच ते तीन टन माती आणि दगड उपसावे लागतात. या उपशाचे ढीग म्हणजे डंप. सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजचे नूतनीकरण रद्द केल्यावर मार्च 2018 मध्ये खाणी थांबल्या. डंप जिथल्या तिथे राहिले. पाऊस मात्र दरवर्षी येतो, सरासरी सुमारे 3000 मिलिमीटर, आणि बहुतेक सारा जून ते सप्टेंबरमध्ये.

डंपची माती मुळांनी बांधलेली नसते. तिच्यात बारीक चिकण कण भरपूर असतात. जोराची सर आली की उतारावर आधी बोटभर रुंदीच्या चिरा पडतात, मग त्यांच्या घळी होतात. ही लाल माती ओहोळातून शेतात येते आणि पाणी ओसरल्यावर तिचा थर सिमेंटसारखा घट्ट बसतो. खाली पाणी मुरत नाही, भाताच्या मुळांना हवा मिळत नाही. ओहोळच गाळाने भरला तर शेतातले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. अशा उतारावर जूनमध्ये रोप लावले तर पहिल्याच मोठ्या पावसात ते मातीसकट खाली येते.

म्हणून काम डंपच्या माथ्यापासून सुरू करावे लागते. माथ्याला आतल्या बाजूला किंचित उतार दिला की पाणी कडेवरून कोसळत नाही. उतार एकसंध न ठेवता पायऱ्या पाडतात, आणि प्रत्येक पायरीही डोंगराच्या बाजूला कललेली असते. तिथे जमलेले पाणी दगडांनी बांधलेल्या पाटाने खाली उतरवायचे. तळाशी चिऱ्यांची भिंत आणि डंपभोवती चर. चराचे पाणी थेट ओहोळात सोडायचे नाही. ते एकापुढे एक खोदलेल्या गाळटाक्यांतून न्यायचे. वाळू पहिल्याच टाकीत बसते, पण चिकण माती बसायला वेळ लागतो. पाणी जितके संथ, तितके बाहेर पडताना स्वच्छ. एक लहानशी टाकी खोदून काम झाले असे समजणे मुसळधार पावसात टिकत नाही.

मग गवत. वाळ्याची मुळे खोल जातात आणि माती धरतात. उघड्या उतारावर काथ्याची जाळी अंथरली तर गवताला पहिला पावसाळा निभावता येतो. झाडे त्यानंतर. गोव्यातील डंपांवर ऑस्ट्रेलियन बाभूळ भरपूर दिसते. ती निकस जमिनीतही झपाट्याने वाढते, नत्र देते, लांबून डोंगर हिरवा दिसतो. पण नुसत्या बाभळीने जंगल परत येत नाही आणि गुरांना चाराही मिळत नाही. स्थानिक झाडे तिच्या आडोशाने हळूहळू आणावी लागतात.

खाणीच्या खड्ड्यांची गोष्ट वेगळी. खाण चालू असताना पंप लावून पाणी उपसले जाते, त्यामुळे आसपासच्या विहिरी खाली जातात. पंप थांबले की खड्डा भरतो. त्याचे तळे करता येते, मात्र जादा पाण्याला पक्का सांडवा हवा, काठ मोडून उतार सौम्य करायला हवेत, कुंपण हवे, आणि पाणी तपासल्याशिवाय पिण्यासाठी वापरू नये. विहिरींची पातळी पुष्कळदा वर येते. ज्या झऱ्याचा मार्गच कापला गेला, तो परत येईल असे सांगता येत नाही.

हा खर्च कोणी करायचा? सर्वोच्च न्यायालयाने 8 जानेवारी 2020 रोजी केंद्र सरकारला सांगितले की खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत उगवेल अशी ती करून देण्याची अट लीजधारकांवर घालावी. तेव्हा डंपची डागडुजी ही दानधर्माची बाब नाही, आणि ती आपण अंगावर घेणे मला योग्य वाटत नाही. शिवाय डंपमधल्या कमी प्रतीच्या खनिजालाही आता गिऱ्हाईक आहे. आज लावलेली झाडे उद्या यंत्राखाली जाऊ शकतात. रोपे लावण्यापूर्वी तो डंप कोणाचा, हे विचारावेच.

आपल्या देणग्यांचे काम डंपच्या खाली, शेतांत आहे. साचलेला थर खरवडून काढणे (तो पुन्हा ओहोळात न टाकता), गावाच्या बाजूचे पाट मोकळे करणे, मातीची तपासणी, मग ताग किंवा धैंचा पेरून गाडणे. पलिष्ट्यांनी मातीने बुजवलेल्या बापाच्या विहिरी इसहाकाने पुन्हा खणल्या, हे आपल्याला ठाऊक आहे. हे काम त्याच जातीचे, आणि तितकेच चिकाटीचे. दुसरे काम कागदांचे आहे. 2015 च्या कायद्याने जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापन झाले. त्याचा निधी खाणबाधित लोकांसाठी असून पिण्याचे पाणी आणि पर्यावरण हे विषय त्याच्या अग्रक्रमात आहेत. ग्रामसभेचा ठराव, बुजलेल्या शेतांचे सर्व्हे क्रमांक आणि फोटो जोडून मागणी नीट मांडायला गावकऱ्यांना सोबत लागते.

गाळटाक्या दरवर्षी मे महिन्यात उपसाव्या लागतात. भरलेली टाकी आणि नसलेली टाकी यांत पावसाला फरक कळत नाही. रोपांसाठी पैसे बाजूला ठेवले असतील, तर यंदा ते या उपशाच्या मजुरीसाठी द्यावेत.