पंप मेला नव्हता, धूळ साचली होती

आज लिक्विड कूलिंगची साफसफाई. माझा पीसी नागोठण्याला घरी असतो. अंबा नदीकाठची दमट हवा, त्यामुळे धूळ रेडिएटरवर नुसती बसत नाही, चिकटते. मागच्या वर्षी गेम खेळताना प्रोसेसर ९५ अंशांवर गेला. पंप मेला समजून मी नवा कूलरच मागवणार होतो. पंखे सोडवून बघतो तर काय, आत धुळीची गोधडी!

पीसी बंद करून प्लग काढा, मऊ ब्रशने झाडा. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरा, गरगरू देऊ नका. एआयओ सीलबंद असतो, तो उघडायचा नाही. एवढंच.

कस्टम लूप असेल तर मात्र साधारण वर्षाने कूलंट बदला. नळाचं, बोअरचं पाणी अजिबात नको रे बाबा! क्षार साचतात, शेवाळ धरतं, ब्लॉकच्या बारीक खाचा बुजतात. शेवाळ आणि गंज रोखणारं तयार कूलंटच घ्या. भरून झालं की बोर्डाला करंट न देता रात्रभर फक्त पंप चालवा, जोडांखाली टिश्यू ठेवा. सकाळी टिश्यू कोरडा असेल, तरच पीसी सुरू करा.