डागी डाळिंब विकावे की रस काढावा?

सांगोला तालुक्यात डाळिंबाची तोडणी झाली की एकाच बागेतून तीन प्रकारचा माल निघतो. मोठी, तजेलदार भगवी फळे दूरच्या बाजारात जातात, मध्यम फळे जवळपास खपतात आणि तडकलेली किंवा तेल्याचे डाग पडलेली फळे पडेल भावाने द्यावी लागतात. या डागी मालाचा रस काढला तर चार पैसे जास्त होतील काय, हा बागायतदारांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर हिशेबात आहे, पण हा हिशेब पुष्कळदा पहिल्याच पायरीवर चुकतो.

ताण, पानगळ, छाटणी, खते, ठिबक, फवारण्या, राखण व तोडणी हा खर्च प्रतवारीपर्यंत सामाईक असतो. तो सबंध झाडावर होतो. कोणते फळ तडकणार हे तेव्हा ठरलेले नसते. प्रतवारीनंतरच्या पेट्या, गाडीभाडे, अडत, हमाली हा मात्र त्या त्या मालाचा स्वतंत्र खर्च होय.

समजा, एका बहाराचा सामाईक खर्च २,४०,००० रुपये झाला व ६,००० किलो माल निघाला. (आकडे हिशेब समजण्यापुरते आहेत, आपल्या वहीतले घालून पाहावेत.) स्वतंत्र खर्च वजा जाता २,००० किलोला १२५ रुपये, २,५०० किलोला ८० रुपये आणि डागी १,५०० किलोला २० रुपये भाव पडला. एकूण ४,८०,००० रुपये हाती आले. खर्च वजनावर वाटला तर किलोला ४० रुपये येतात आणि डागी मालात ३०,००० रुपये तोटा दिसतो. तोच खर्च विक्रीच्या किमतीच्या प्रमाणात वाटला, तर रुपयामागे ५० पैसे, म्हणजे डागी मालाला किलोमागे १० रुपये पडतात आणि त्यातच १५,००० रुपये नफा दिसतो. बागेचा निव्वळ नफा दोन्ही वेळा २,४०,००० रुपयेच! भावाभावांत किंवा वाटेकऱ्याशी माल प्रतीनुसार वाटून घेताना दुसरी रीत अधिक न्याय्य वाटते. रस काढावा की नाही, हे ठरवायला मात्र दोन्ही निरुपयोगी आहेत. रस काढला तरी २,४०,००० रुपये गेलेच, नाही काढला तरी गेलेच.

येथे फक्त वाढीव उत्पन्न व वाढीव खर्च पाहावा. १,५०० किलोपैकी कुजलेली, बुरशीची ३०० किलो फळे काढून टाकावीत. ती रसात मुळीच घेऊ नयेत. डाग सालीपुरताच असेल तर आतले दाणे चालतात. उरलेल्या १,२०० किलोचा ४० टक्के उताऱ्याने ४८० लिटर रस झाला. १५० रुपये लिटरने ७२,००० रुपये आले. दाणे काढण्याची मजुरी, बाटल्या, इंधन, वाहतूक व यंत्राचे भाडे मिळून ५२,००० रुपये लागले. हाती राहिले २०,००० रुपये. हा नफा वाटतो खरा, पण तोच माल तसाच विकून ३०,००० रुपये मिळत होते. म्हणजे इतकी खटपट करून १०,००० रुपये घालवले.

आता बाजार पडून डागी मालाला ८ रुपयेच मिळू लागले असे धरा. तसाच विकल्यास १२,००० रुपये येतील, रसातून २०,०००. येथे रस काढणे ८,००० रुपयांनी फायद्याचे. वजनावर ४० रुपये लावून बसलेला बागायतदार मात्र तोटा समजून हा फायदा सोडून देईल. या उदाहरणात सीमारेषा किलोला साधारण १३ रुपये येते. बाजारभाव त्याच्या वर असेल तर विकावे, खाली असेल तर रसाचा विचार करावा.

घरच्या माणसांची मजुरी सोडू नये. त्या दिवसांत त्यांना दुसरीकडे जो रोज मिळाला असता तो धरावा. साल वाळवून कोणी विकत घेत असेल तरच तिचे पैसे जमेला घ्यावेत. अनारदाण्याला आंबट जाती लागतात, गोड भगव्याचा भरवसा त्यासाठी धरू नये. विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा कायदा २००६ खालील नोंदणीही करावी लागते.

यंत्र आधीच घेतले असेल तर त्याची किंमत या निर्णयात धरू नये. कर्ज काढून नवे घ्यायचे असेल, तर व्याज व घसारा वर्षाला किती हे मांडून, डागी मालाचा भाव वर्षातून किती आठवडे त्या सीमेखाली असतो हे मागील दोन-तीन वर्षांच्या पट्ट्यांवरून पाहावे. दोन-चार आठवडेच असेल तर भाड्याचे यंत्र पुरे.